अनामिकता आणि दप्तर : मद्यमुक्ती फेलोशिपच्या स्थानिक इतिहासाची साधने

मद्यमुक्तीच्या चळवळीचा तालुका पातळीवरील इतिहास लिहिताना साधनांचा प्रश्न प्रारंभीच उपस्थित होतो. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. सुनंदा व अनिल अवचट यांनी स्थापन केलेल्या मुक्तांगणसारख्या उपचार केंद्राला रुग्णनोंदी ठेवाव्याच लागतात. 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही फेलोशिप मात्र सभासदांची नावनिशी ठेवत नाही. १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे सुरू झालेली ही फेलोशिप १९५७ मध्ये भारतात आली. १९५० साली क्लीव्हलंड येथील अधिवेशनात स्वीकृत झालेल्या बारा परंपरांनुसार पदाधिकारी हे शासक नसून विश्वासू सेवक होत. गट बाहेरील देणगी नाकारतो आणि अनामिकता हा पाया मानतो.

परिणामी सचिव, खजिनदार व सेवा-प्रतिनिधी ही पदे विनावेतन असून मुदतीनंतर दुसऱ्याकडे जातात. मागे उरते ते सभेचे इतिवृत्त आणि जमाखर्चाची वही. जागेचे भाडे, साहित्याची खरेदी व सभासदांची ऐच्छिक वर्गणी यांवरून गटाचे सातत्य ताडता येते.

घोड नदीकाठचे शिरूर किंवा भीमाकाठचे दौंड यांसारख्या परस्परपरिचयाच्या गावांत हजेरीपट नसणे हेच सभासदाचे संरक्षण ठरते. परंतु पदबदलात वही हरवली, तर गटाच्या अस्तित्वाचा लेखी पुरावाच नाहीसा होतो. म्हणून नावे वगळून हिशेब जपणारा खजिनदार हा अशा गटाचा पहिला इतिहासकार ठरतो.