भाड्याच्या सॉफ्टवेअरची कुळकथा

क्लाउड सॉफ्टवेअर म्हणजे विक्रेत्याच्या संगणकावर चालणारे आणि ग्राहकाने वर्गणी भरून इंटरनेटवरून वापरायचे सॉफ्टवेअर. आजचे त्याचे रूप १९९० च्या दशकात घडले. पण हा धंदा ज्या व्यवहारावर उभा आहे तो त्याच्या शंभर वर्षे आधीचा आहे. गणनाची साधने आधी भाड्याने मिळत, मग ती विकत मिळू लागली आणि पुढे पुन्हा भाड्याने मिळू लागली. प्रत्येक वळणामागे एकच प्रश्न होता: या घडीला सर्वांत महाग काय आहे, आणि तो खर्च कोणी उचलायचा?

यंत्र महाग होते तेव्हा

हर्मन हॉलरिथ याने १८९० च्या अमेरिकी जनगणनेसाठी छिद्रे पाडलेली कार्डे मोजणारी यंत्रे तयार केली आणि ती सरकारला भाड्याने दिली. १८९६ साली त्याने काढलेली टॅब्युलेटिंग मशीन कंपनी १९११ मध्ये इतर कंपन्यांत विलीन झाली आणि त्या संयुक्त कंपनीला १९२४ मध्ये आयबीएम हे नाव मिळाले. भाड्याची पद्धत तिने पुढे चालू ठेवली. यंत्राची मालकी आणि दुरुस्ती कंपनीकडे राही. ग्राहक दरमहा भाडे भरी. यंत्र महाग, नाजूक आणि जाणकारांशिवाय न चालणारे असल्याने ग्राहकाला हे सोयीचे होते. कंपनीला दर महिन्याची ठरलेली आवक मिळे. मात्र ग्राहक या व्यवस्थेत अडकून राही, म्हणून १९५६ साली अमेरिकी सरकारशी झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार आयबीएमला यंत्रे विकण्याचीही तयारी ठेवावी लागली. भारतातही तिची अनेक यंत्रे भाडेपट्ट्यावरच चालत. १९७८ मध्ये कंपनीने देश सोडला, तेव्हा त्यांच्या देखभालीची जबाबदारी सरकारी मालकीच्या सीएमसीकडे आली.

ज्यांना यंत्राचे भाडेही परवडत नव्हते, त्यांच्यासाठी कामच बाहेर देण्याची सोय झाली. हेन्री टॉब याने १९४९ साली न्यू जर्सीतील पॅटरसन येथे दुसऱ्यांची पगारपत्रके तयार करून देणारी कंपनी काढली. हीच पुढची एडीपी. ग्राहकाने हजेरी आणि वेतनदर कळवायचे, कंपनीने हिशेब करून द्यायचा. यंत्र कोणते आणि हिशेबाची रीत कोणती, याच्याशी ग्राहकाला कर्तव्य नव्हते; त्याला वेळेवर आणि बिनचूक पगारपत्रक हवे होते. क्लाउड सॉफ्टवेअरचा ग्राहक आज जे विकत घेतो, त्याचा हा पहिला स्पष्ट नमुना.

पुढची पायरी एकाच संगणकाचा वेळ अनेकांत वाटण्याची होती. १९६१ साली एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो आणि सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. संगणक क्षणभर एका वापरकर्त्याचे काम करी, मग दुसऱ्याचे. वेगामुळे प्रत्येकाला तो आपल्या एकट्यासाठी चालल्यासारखा वाटे. त्याच वर्षी एमआयटीच्या शताब्दी समारंभात जॉन मॅकार्थी याने टेलिफोनसारखीच गणनाचीही सार्वजनिक सेवा होऊ शकेल, असा विचार मांडला. १९६४ च्या मे महिन्यात डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांची वेळवाटपाची प्रणाली बेसिक या भाषेसह सुरू झाली. जनरल इलेक्ट्रिकसारख्या कंपन्यांनी त्याच दशकात ही सेवा व्यापारी तत्त्वावर देऊ केली. ग्राहकाच्या कार्यालयात टेलिफोन तारेने जोडलेला टंकयंत्रासारखा टर्मिनल असे, आणि बिल वापराच्या वेळेप्रमाणे येई.

विक्रीचे युग

तोवर सॉफ्टवेअरला स्वतंत्र किंमत क्वचितच होती. बहुतेक ते यंत्राबरोबरच मिळे. १९६० च्या दशकात काही स्वतंत्र कंपन्यांनी तयार सॉफ्टवेअर विकण्याचा प्रयत्न केला. अप्लाइड डेटा रिसर्चचे ऑटोफ्लो आणि इन्फर्मॅटिक्सचे १९६७ साली आलेले ३०,००० डॉलर किमतीचे मार्क फोर ही त्यांतली ठळक उदाहरणे. जून १९६९ मध्ये आयबीएमने सॉफ्टवेअर आणि यंत्र यांची किंमत वेगळी करण्याचे जाहीर केले. मक्तेदारीविरुद्धचा सरकारी खटला त्याच वर्षी जानेवारीत दाखल झाला होता. जे फुकट मिळत होते त्याला किंमत आली आणि सॉफ्टवेअर उद्योगाला बाजार मिळाला.

१९७० च्या दशकात सूक्ष्मप्रक्रियक आले आणि यंत्र झपाट्याने स्वस्त झाले. टेबलावर स्वतःचा संगणक ठेवता येऊ लागल्यावर दूरच्या संगणकाचा वेळ विकत घेण्याची गरज ओसरली. १९७६ साली बिल गेट्स याने हौशी संगणकप्रेमींना उद्देशून लिहिलेल्या खुल्या पत्रात सॉफ्टवेअरची फुकट नक्कल करण्यावर आक्षेप घेतला. १९७९ मध्ये आलेल्या व्हिजिकॅल्क या तक्तापत्रकाने सॉफ्टवेअरच्या एका खोक्यासाठी लोक संगणक विकत घेतात हे दाखवून दिले. पुढची वीस वर्षे सॉफ्टवेअर ही डिस्कवर मिळणारी, परवान्यासह विकली जाणारी वस्तू राहिली.

मोठ्या कंपन्यांसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये परवान्याची किंमत ही खर्चाची फक्त सुरुवात असे. सर्व्हर, डेटाबेस, बसवून देणारे सल्लागार, सांभाळणारे कर्मचारी आणि दरवर्षीचे देखभाल शुल्क वेगळे द्यावे लागे. बसवायला महिनोन्‌महिने जात आणि नवी आवृत्ती आली की बराचसा खटाटोप पुन्हा करावा लागे. सॉफ्टवेअर चालते ठेवण्याचा हा खर्च यंत्राच्या खर्चाला मागे टाकून गेला, तेव्हा भाड्याच्या पद्धतीला पुन्हा जागा झाली.

ब्राउझर आणि एक फसलेला प्रयोग

१९९० च्या दशकाच्या मध्यात वेब ब्राउझरचा प्रसार झाला आणि ग्राहकाच्या संगणकावर वेगळे काही बसवण्याची गरज संपली. १९९५ साली पॉल ग्रॅहम आणि रॉबर्ट मॉरिस यांनी सुरू केलेल्या व्हायावेबमध्ये दुकानदार आपले ऑनलाइन दुकान ब्राउझरमधूनच उभे करी. सगळा प्रोग्रॅम कंपनीच्या सर्व्हरवर चाले. चूक सापडली की ती एकाच ठिकाणी दुरुस्त करायची, की सर्व ग्राहकांसाठी ती दुरुस्त झाली. १९९८ मध्ये याहूने ही कंपनी विकत घेतली. त्याच वर्षी इव्हान गोल्डबर्ग याने ओरॅकल या डेटाबेस कंपनीचा प्रमुख लॅरी एलिसन याच्या आर्थिक पाठबळावर नेटलेजर ही वेबवरील हिशेबाची सेवा सुरू केली. तिचेच नाव पुढे नेटस्वीट झाले.

याच सुमारास कोरिओ, यूएसइंटरनेटवर्किंग अशा कंपन्यांनी वेगळी वाट धरली. त्या दुसऱ्यांनी बनवलेले मोठे सॉफ्टवेअर आपल्या केंद्रात चालवत आणि ग्राहकाकडून मासिक शुल्क घेत. बाहेरून हा व्यवहार आजच्या क्लाउडसारखाच दिसे. आतमध्ये मात्र प्रत्येक ग्राहकासाठी स्वतंत्र प्रत, स्वतंत्र जोडणी आणि स्वतंत्र देखभाल असे. त्यामुळे ग्राहक वाढले की खर्चही जवळजवळ त्याच प्रमाणात वाढे आणि मोठे होण्याचा फायदा मिळत नसे. २००२ च्या आरंभी यूएसइंटरनेटवर्किंगने दिवाळखोरीचा अर्ज केला. नुसते मासिक शुल्क लावून हा धंदा उभा राहत नाही. सॉफ्टवेअरची रचनाच त्यासाठी बदलावी लागते, हा या प्रयोगाचा धडा होता.

एक प्रत, अनेक बिऱ्हाडे

ती रचना व्यापारात ठामपणे रुजवण्याचे श्रेय मुख्यतः सेल्सफोर्सकडे जाते. ओरॅकल सोडून आलेला मार्क बेनिऑफ आणि पार्कर हॅरिस, डेव्ह मोलेनहॉफ व फ्रँक डोमिंगेझ हे तीन प्रोग्रॅमर यांनी मार्च १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील टेलिग्राफ हिलवरच्या एका फ्लॅटमध्ये काम सुरू केले. विक्री विभागाने गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवण्याचे हे सॉफ्टवेअर होते. त्या क्षेत्रात टॉम सीबल याच्या सीबल सिस्टिम्सचा दबदबा होता, आणि तिचे सॉफ्टवेअर बसवणे हा मोठा प्रकल्प असे. सेल्सफोर्सने माणशी दरमहा ५० डॉलर असा दर ठेवला. दहा जणांचा विक्री विभाग महिन्याला ५०० डॉलर भरून काम सुरू करू शकत होता, आणि त्यासाठी संचालक मंडळाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नव्हती.

तांत्रिक पाया असा होता: एखाद्या वाड्यात अनेक बिऱ्हाडे राहतात, जिना, नळ आणि छप्पर सामाईक असते, पण प्रत्येकाच्या खोलीला कुलूप वेगळे असते. तसेच सर्व ग्राहकांच्या नोंदी सामाईक डेटाबेसमध्ये राहतात आणि प्रत्येक नोंदीवर ती कोणत्या संस्थेची आहे याची खूण असते. एका संस्थेचा वापरकर्ता आला की त्याला त्याच खुणेच्या नोंदी दिसतात. एखाद्या ग्राहकाला जादा रकाने हवे असतील, तर मूळ प्रोग्रॅम न बदलता त्या रकान्यांची वर्णने वेगळी साठवली जातात. प्रोग्रॅम एकच असल्याने नवी आवृत्ती सर्वांना एकदम मिळते. त्यामुळे पुढचा ग्राहक जोडण्याचा खर्च फार कमी होतो.

या रचनेची जोखीमही सामाईक असते. २० डिसेंबर २००५ रोजी सेल्सफोर्सची सेवा काही तास बंद पडली आणि असंख्य कंपन्यांचे विक्री विभाग एकाच वेळी अडले. त्यानंतर कंपनीने आपली सेवा चालू आहे की नाही, हे कोणालाही पाहता येईल असे वेबपान सुरू केले. आज असे पान ठेवणे हा या उद्योगातला रिवाजच झाला आहे.

वर्गणीचा हिशेब

परवाना विकणाऱ्याला पैसे सुरुवातीलाच मिळत. वर्गणीच्या धंद्यात क्रम उलटा होतो: सॉफ्टवेअर बनवणे, जाहिरात आणि विक्रेत्यांचे पगार यांवर पैसे आधी जातात आणि आवक थोडीथोडी येते. त्यामुळे धंदा जितक्या वेगाने वाढतो, तितकी रोकड अधिक आटते. डॉट-कॉमचा फुगा फुटल्यावर सेल्सफोर्सलाही हीच अडचण आली. तिने महिन्याच्या मोकळ्या वर्गणीऐवजी वर्षभराचे करार आणि आगाऊ रक्कम घेण्यावर भर दिला. अशी आगाऊ रक्कम लगेच उत्पन्न धरता येत नाही. १,२०० रुपये वार्षिक वर्गणी आली, तर दरमहा १०० रुपये उत्पन्नात जातात आणि उरलेली रक्कम ग्राहकाला देणे असलेली सेवा म्हणून दायित्वात राहते. रोकड मात्र पहिल्याच दिवशी हातात असते. जून २००४ मध्ये सेल्सफोर्सचे शेअर ११ डॉलर दराने न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात विक्रीला आले आणि कंपनीने ११ कोटी डॉलर उभे केले.

या धंद्याची खरी परीक्षा गळतीत होते. १०० ग्राहकांपैकी दरमहा ३ टक्के सोडून गेले, तर वर्षअखेरीस सुमारे ६९ उरतात. गळती १ टक्का असेल तर सुमारे ८९. पहिल्या कंपनीला जागच्या जागी राहायलाच ३१ नवे ग्राहक आणावे लागतात, दुसरीला ११. म्हणून ग्राहक मिळवायला आलेला खर्च, तो किती महिन्यांत वसूल होतो आणि ग्राहक किती काळ टिकतो, या तीन आकड्यांवर व्यवस्थापनाची नजर असते. परवाना विकल्यावर विक्रेत्याचे काम बरेचसे संपत असे. वर्गणीत त्याला दर नूतनीकरणाला ग्राहकाचा विश्वास नव्याने मिळवावा लागतो. ग्राहकाला सॉफ्टवेअर वापरायला शिकवणारे आणि त्याचा उपयोग होतो आहे ना हे पाहणारे वेगळे विभाग यातूनच तयार झाले.

भांडवलाचा अडसर आणि नवी ठिकाणे

मार्च २००६ मध्ये ॲमेझॉनने एस-थ्री ही साठवणसेवा महिन्याला दर गिगाबाइटमागे १५ सेंट दराने खुली केली. ऑगस्टमध्ये ईसी-टू ही संगणकसेवा तासाला १० सेंट दराने आली. सेल्सफोर्सच्या पिढीला सर्व्हर विकत घ्यावे लागले होते. नव्या कंपनीला ते वापरापुरते भाड्याने मिळू लागले आणि सुरुवातीच्या भांडवलाचा मोठा भाग वाचला.

भारतात आधी संगणक जाळ्यांच्या व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ॲडव्हेंटनेटने २००५ साली झोहो रायटर आणले. श्रीधर वेंबू यांची ही कंपनी २००९ पासून झोहो याच नावाने ओळखली जाते. बाहेरचे गुंतवणूक भांडवल न घेता ती वाढली. चेन्नईत २०१० साली सुरू झालेली फ्रेशडेस्क फ्रेशवर्क्स या नावाने सप्टेंबर २०२१ मध्ये नॅसडॅकवर दाखल झाली. महाराष्ट्रात ही वाट पुणे आणि मुंबईत रुजली. व्हेरिटासमध्ये माहिती साठवणीच्या सॉफ्टवेअरवर काम केलेल्या जसप्रीत सिंग आणि मिलिंद बोराटे यांनी सहकाऱ्यांसह २००८ साली पुण्यात ड्रुव्हा सुरू केली. कंपन्यांच्या माहितीची राखीव प्रत ठेवणारी ही सेवा पुढे ॲमेझॉनच्या क्लाउडवर उभी राहिली. समीर बोडस आणि मोनिश दर्डा यांनी २००९ मध्ये काढलेल्या आयसर्टिसचे करार-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर मोठ्या प्रमाणावर पुण्यात घडले. मुंबईत २०११ साली सुरू झालेली ब्राउझरस्टॅक निरनिराळे ब्राउझर आणि फोन चाचणीसाठी दूरस्थपणे वापरायला देते. या कंपन्यांचे बरेच ग्राहक परदेशी आहेत. प्रत्येक ग्राहकाच्या दारात जाऊन सॉफ्टवेअर बसवावे लागले असते, तर इतक्या दूरचा बाजार त्यांना गाठणे अवघड झाले असते.

जुन्या घराण्यांचे वळण

परवान्यावर मोठ्या झालेल्या कंपन्यांना हा बदल सर्वांत कठीण गेला. ॲडोबीने २०१२ साली वर्गणीची क्रिएटिव्ह क्लाउड सेवा आणली आणि मे २०१३ मध्ये यापुढची नवी वैशिष्ट्ये फक्त वर्गणीदारांनाच मिळतील असे जाहीर केले. एकरकमी किंमत बंद होऊन मासिक आवक सुरू झाल्याने तिचे वार्षिक उत्पन्न २०१२ मधील सुमारे ४.४ अब्ज डॉलरवरून २०१३ मध्ये ४.०६ अब्जांवर घसरले; २०१५ मध्ये ते ४.८ अब्जांवर गेले. मधला उतार सोसण्याची ताकद आणि तो का येतो हे गुंतवणूकदारांना समजावून सांगण्याची तयारी असेल, तरच असे वळण घेता येते.

भाड्याबरोबर भाडेकरूच्या अडचणीही परत आल्या. वर्गणी थांबली की सॉफ्टवेअर बंद होते, दरवाढीला तोंड द्यावे लागते आणि वर्षांची माहिती विक्रेत्याच्या ताब्यात असल्याने दुसरीकडे जाणे जड होते. युरोपीय संघाचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून, ग्राहकाला आपल्या माहितीसह दुसऱ्या क्लाउड सेवेकडे जाता यावे अशी जबाबदारी तो विक्रेत्यांवर टाकतो. जानेवारी २०२७ पासून त्यासाठी वेगळे शुल्क आकारण्यासही त्यात मनाई आहे. ग्राहकाला सहज निघून जाता येत असेल, तेव्हा त्याला टिकवण्यासाठी विक्रेत्याजवळ चांगल्या सेवेखेरीज दुसरा उपाय उरत नाही.