मल्लखांब, दोरीचा

मल्लखांब, दोरीचा : उंचावरून टांगलेल्या सुती दोरीवर चढून, तिचे वेढे अंगाभोवती घेत आसने व कसरती करण्याचा महाराष्ट्रातील व्यायामप्रकार. पुरलेल्या लाकडी खांबावरचा मल्लखांब हा याचा मूळ प्रकार. दोरीचा प्रकार मुली व स्त्रियांमध्ये विशेष रुजला. स्पर्धेसाठी तो खेळला जातोच. पण स्नायूंची ताकद, लवचिकपणा आणि अंगात धीटपणा यावा म्हणून हौसेने शिकणारेही बरेच आहेत. धातूच्या खांबावरचे पोल डान्सिंग किंवा पोल फिटनेस हा आजच्या शहरांतला छंद याच्याशी जवळचे नाते सांगतो.

इतिहास : चालुक्य राजा सोमेश्वर (तिसरा) याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांच्या व्यायामात मल्लस्तंभाचा उल्लेख येतो. नंतरच्या काळात मागे पडलेल्या या विद्येला दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी नवे जीवन दिले. निजामाच्या राज्यातून आलेल्या अली आणि गुलाब या पहिलवानांशी लढण्यापूर्वी ते वणीच्या सप्तशृंगी देवीच्या डोंगरावर गेले आणि तेथे त्यांना या विद्येचा साक्षात्कार झाला, अशी आख्यायिका सांगतात. १८१८ मध्ये पेशवाई संपून बाजीराव कानपूरजवळच्या बिठूरला गेले. त्यांच्याबरोबर मल्लखांबही उत्तरेत पोहोचला. बिठूरला वाढलेल्या मनकर्णिकेने, म्हणजे पुढे झाशीच्या राणी झालेल्या लक्ष्मीबाईंनी, लहानपणी मल्लखांब केला अशी परंपरा आहे. मल्लखांब पुरुषांचाच, हा समज त्या परंपरेने केव्हाच खोटा ठरवला आहे.

दोरीपूर्वी वेताचा मल्लखांब होता. पुरेसा लांब आणि मजबूत वेत मिळणे अवघड होत गेले, तसतशी त्याची जागा सुती दोरीने घेतली.

साधन : पुरलेला मल्लखांब साधारणपणे शिसवी किंवा सागवानी असतो. जमिनीवर त्याची उंची सुमारे अडीच मीटर असते आणि तो वर निमुळता होत जातो. त्याचे अंग, मान आणि बोंड असे तीन भाग असतात. त्याला एरंडेल चोळतात, त्यामुळे कातडी सोलवटत नाही; पण खांब निसरडा होतो आणि पकड अधिक घट्ट ठेवावी लागते. टांगता मल्लखांब आखूड असतो. तो साखळीने अधांतरी लोंबतो, त्यामुळे फिरतो व झुलतो.

दोरीच्या मल्लखांबाचा सरंजाम सर्वांत थोडा. साधारण दोन सेंटिमीटर जाडीची मऊ सुती दोरी, ती अडकवायला भक्कम तुळई आणि पक्की कडी, खाली जाड गादी, एवढे साहित्य पुरते. नायलॉनची दोरी चालत नाही. ती निसटते आणि अंगाला काचते.

तंत्र : आरंभ सलामीने होतो. दोरीवर चढताना पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात दोरी धरतात आणि हातांच्या जोडीने अंग वर नेतात. नवख्याला हीच पकड सर्वांत अवघड जाते. बेचक्यातली कातडी सुरुवातीला दुखते आणि सरावाने ती घट्ट होते. त्यानंतर अढी येते : हातांनी दोरी धरायची, कंबर उचलून पाय डोक्याच्या वर न्यायचे आणि मांड्यांत दोरी आवळायची. अढी बसली की तेढी, बगली, दसरंग, फरारे, ताजवे, वेल, सुईदोरा अशी पुढची वाट खुली होते. यांतली बरीच नावे खांबावर आणि दोरीवर समान आहेत. दोरीवर पद्मासन, पश्चिमोत्तानासन, निद्रासन यांसारखी योगासनेही करतात.

दोरीला कोठेही गाठ मारायची नाही, हा या प्रकाराचा पाया आहे. दोरी कंबरेवरून, मांडीखालून, पाठीवरून फिरवून जे वेढे बसतात, त्यांच्या घर्षणावर आणि अंगाच्या वजनावर सारे शरीर तोलले जाते. वेढा बरोबर असेल तर दोन्ही हात सोडूनही खेळाडू स्थिर राहतो. वेढा चुकला तर दोरी सुटते. त्यामुळे प्रत्येक आसन आधी जमिनीलगत, गुरूच्या हाताच्या आधाराने शिकवतात आणि पक्के झाल्यावरच उंची वाढवतात. अशी आसने एकमेकांत गुंफून ठराविक वेळेत सादर केली की त्याला संच म्हणतात.

शरीरावरील परिणाम : येथे वजन आपल्याच देहाचे असते. त्यामुळे बोटे, मनगटे, कोपरापुढचा हात, खांदे, पाठ आणि पोट यांचे स्नायू एकाच वेळी कामाला लागतात. मांड्यांच्या आतल्या स्नायूंना एरवीच्या व्यायामात क्वचितच काम पडते. येथे ते पकडीचा मुख्य आधार होतात. पाठीचा कणा पुढे, मागे आणि बाजूला वळतो. उलटे राहण्याच्या सवयीने तोल आणि दिशेचे भान सुधारते. उच्च रक्तदाब, काचबिंदू, मणक्याचे किंवा खांद्याचे दुखणे असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी उलट्या स्थितीचे प्रकार करू नयेत. जेवणानंतर दोन-तीन तास जाऊ द्यावेत. अंगठ्या, बांगड्या, गळ्यातले काढून ठेवावे. दोरीचे पीळ आणि कडी रोज तपासावी.

आत्मविश्वास : मल्लखांबाने धीटपणा येतो याची कारणे त्याच्या रचनेतच आहेत. पहिल्यांदा डोके खाली आणि पाय वर गेले की भीती वाटतेच. ती लहान लहान पायऱ्यांनी ओलांडली जाते आणि प्रत्येक पायरी शिकणाऱ्याला स्वतःच्या अंगात जाणवते. काल न जमलेली अढी आज जमली, यासाठी कोणाच्या प्रशस्तिपत्राची गरज नसते. वाढत्या वयातल्या मुलींना आपल्या शरीराबद्दल संकोच शिकवला जातो. दोरीवर तेच शरीर कसे दिसते यापेक्षा काय करू शकते, हे आधी कळते. मुंबईतील कमला मेहता अंधशाळेच्या मुलींनी दोरीच्या मल्लखांबाची प्रात्यक्षिके केली आहेत. दोरी दिसण्याची गरज नसते, तिचा वेढा स्पर्शाने कळतो. डोळ्यांनी न पाहता उंचीवर हात सोडणाऱ्या या मुली या विद्येचे सामर्थ्य सर्वांत स्पष्टपणे दाखवतात.

पोल फिटनेसशी नाते : पोल डान्सिंगचा खांब धातूचा असतो. क्रीडास्पर्धांत तो सुमारे ४५ मिलिमीटर व्यासाचा असतो. तेथे एक खांब स्थिर असतो आणि दुसरा स्वतःभोवती फिरणारा. येथे तेल नसते. उघड्या कातडीच्या घर्षणावर पकड अवलंबून असल्याने आखूड कपडे तांत्रिक गरज म्हणून घालतात. पाश्चात्त्य देशांतील रात्रीच्या क्लबांशी जोडलेला हा प्रकार १९९० च्या दशकापासून स्त्रियांनी व्यायाम म्हणून वर्गांत आणला. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय पोल स्पोर्ट्स महासंघ स्थापन झाला. आज मुंबई-पुण्यातही असे वर्ग चालतात. या छंदाकडे नाक मुरडून पाहणे अन्यायाचे आहे. मांड्यांची पकड, उलटे होणे, एका हातावर अंग तोलणे यांसाठी लागणारी मेहनत दोन्हीकडे सारखीच आहे, आणि भीतीवर मात केल्याचा आनंदही.

संस्था आणि स्पर्धा : अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. मुंबईत शिवाजी पार्कवर १९२५ मध्ये काळे गुरुजींनी स्थापन केलेले श्री समर्थ व्यायाम मंदिर हे मल्लखांबाचे मोठे केंद्र आहे. तेथील प्रशिक्षक उदय देशपांडे यांनी देशाबाहेरही अनेकांना मल्लखांब शिकवला. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवाजी पार्कवरच भरली. मुंबईच्या हिमानी परब यांना २०२१ साठीचा अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये गुजरातेत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत मल्लखांबाचा समावेश झाला. मध्य प्रदेशाने २०१३ मध्येच त्याला राज्यक्रीडेचा दर्जा दिला होता.

ग्रामीण प्रसार : मल्लखांब मोठ्या शहरांतच वाढतो असे नाही. छत्तीसगडच्या नारायणपूर जिल्ह्यातील अबूझमाडच्या आदिवासी मुलांच्या पथकाने २०२३ मध्ये ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ ही दूरचित्रवाणी स्पर्धा जिंकली. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड आणि शहापूर या तालुक्यांना हे उदाहरण लागू पडते. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नाणेघाटाच्या पायथ्याशी वैशाखरे हे गाव आहे. या पट्ट्यात ठाकर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी कुटुंबांची वस्ती आहे आणि शासकीय आश्रमशाळा आहेत. जिमचे महागडे यंत्र किंवा पोलचा स्टुडिओ येथील मुलींच्या आवाक्याबाहेरचा आहे. दोरी आणि गादी मात्र शाळेच्या खर्चात बसते. पावसाळ्यात मैदान चिखलाने भरले तरी छपराखालच्या तुळईला टांगलेली दोरी वापरता येते.

साहित्य स्वस्त असले, तरी शिकवणारा जाणकार हवाच. नुसती दोरी टांगून मुलांना मोकळे सोडणे धोक्याचे आहे. म्हणून प्रसाराची खरी सुरुवात शाळेतल्या एखाद्या शिक्षिकेला किंवा गावातल्या तरुणीला एखाद्या जुन्या व्यायाममंदिरात पाठवून रीतसर प्रशिक्षण देण्यापासून व्हायला हवी. शिकवणारी बाई गावचीच असेल तर आईवडील मुलीला निर्धास्तपणे पाठवतात, आणि दहावीनंतर शाळा सुटली तरी तिचा सराव सुटत नाही.