काळ्या पाषाणाखाली काय आहे? मराठवाड्याच्या भूगर्भशोधाची गोष्ट

मराठवाड्याचा इतिहास म्हटलं की आपण पैठणच्या सातवाहनांपासून सुरुवात करतो आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामापर्यंत येतो. आज आपल्याला उलट्या दिशेनं, म्हणजे अक्षरशः खाली जायचं आहे. आपल्या पायाखाली काय आहे, ते कोणी शोधलं, कधी शोधलं, आणि मुख्य म्हणजे इतक्या उशिरा का शोधलं, हा आजचा विषय.

सुरुवात थोडी दूरून करतो. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये लाइटनिंग रिज नावाचं खाणींचं गाव आहे. तिथल्या खडकांना ग्रिमन क्रीक प्रस्तर म्हणतात. वय साधारण दहा कोटी वर्षं, म्हणजे क्रिटेशस काळ. तिथं ओपल सापडतो, आपल्याकडे ज्योतिषी शुक्रासाठी अंगठीत घालायला सांगतात तोच. पण गंमत अशी, की तिथं डायनासोरची हाडं, दात, शिंपलेसुद्धा ओपलचे झालेले मिळतात. ओपल म्हणजे पाणी धरून ठेवलेली सिलिका, दुसरं काही नाही. जमिनीतल्या पाण्यात सिलिका विरघळते, हाडाच्या जागी जाऊन बसते, आणि हाड संपलं तरी आकार उरतो.

आता तुम्ही म्हणाल, नांदेड-लातूरचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे. आपला काळा पाषाण, म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, क्रिटेशस काळाच्या अगदी शेवटी, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसातून तयार झाला. सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर तो आजही पसरलेला आहे. या लाव्ह्यात वायूंचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. त्या पोकळ्यांत पुढं पाण्यानं सिलिका आणून भरली. विहीर खणताना मांजऱ्या खडक लागतो आणि त्यात पांढऱ्या गारगोट्या निघतात, त्या याच. त्यांत अकीक असतो, क्वचित दुधी ओपलही असतो. आपला ओपल बहुधा रंग खेळत नाही, म्हणून त्याला बाजार नाही. अकीकाच्या जातीच्या दगडांना मात्र फार जुना बाजार आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात नोंद आहे, की पैठणहून असे दगड मोठ्या प्रमाणात भडोच बंदरावर जात आणि तगर, म्हणजे आपल्या लातूरशेजारच्या तेरहून, कापड जाई. दोन्ही माल गाड्यांतून जात होता. म्हणजे दगडाची पारख आपल्याकडे दोन हजार वर्षांपासून आहे. दगडाचा इतिहास मात्र कोणी विचारला नव्हता.

तो पहिल्यांदा विचारला लष्करी डॉक्टरांनी. जॉन ग्रँट माल्कमसन हा मद्रास सैन्यातला डॉक्टर. हैदराबादहून नागपूरकडे जाताना त्यानं निर्मळच्या बाजूचे डोंगर पाहिले. निर्मळची रांग आपल्या किनवट-माहूरच्या अंगाची, तेव्हा सगळाच मुलूख निजामाचा. तिथं लाव्ह्याच्या थरांमध्ये त्याला गोगलगायींचे शंख मिळाले, तेही गोड्या पाण्यातल्या. सोबत कॅरा नावाच्या तळ्यात वाढणाऱ्या वनस्पतीची बारीक फळं मिळाली. १८३७ साली त्यानं हे लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढं मांडलं. एका शंखाला जेम्स प्रिन्सेपच्या नावावरून 'फायसा प्रिन्सेपी' हे नाव मिळालं आणि कॅराच्या त्या जातीला माल्कमसनचं.

या शंखाचा अर्थ फार मोठा आहे बरं का. लाव्हा एकदम आला आणि थांबला, असं झालेलं नाही. एक थर आला, निवला. त्यावर पाऊस पडला, तळी साचली, झाडं उगवली, गोगलगायी आल्या. मग पुढचा थर आला आणि त्यानं ते सगळं झाकलं. दोन थरांच्या मधल्या त्या गाळाला आंतरट्रॅपी थर म्हणतात, आणि सगळ्या लाव्ह्याच्या आधीच्या, तळाच्या गाळाला अधःट्रॅपी. शब्द जड आहेत; आपण 'मधला गाळ' आणि 'खालचा गाळ' म्हणू.

पुढं हे काम नागपूरला सरकलं. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला. टाकळीच्या मधल्या गाळातून त्यानं आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर यानं पुष्कळ जीवाश्म जमवले. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा आहे. तिथल्या खालच्या गाळातली हाडंही हिस्लॉपच्याच काळात उजेडात आली. १८६३ मध्ये तो पुरात बुडून गेला. विसाव्या शतकात लखनौचे बिरबल साहनी यांनी छिंदवाड्याकडच्या मोहगाव कलानची सिलिका झालेली फळं-खोडं तपासली आणि प्रश्न टाकला, की हा लाव्हा खरंच क्रिटेशसमधला की त्याच्या नंतरचा? हा वाद बरीच वर्षं चालला.

तो निकाली निघण्यात आपल्या शेजाराचाही वाटा आहे. लातूर रोडहून उदगीर, बिदर करत रेल्वे विकाराबादला जाते. तिथं जवळच नस्कल आहे. तिथल्या मधल्या गाळातून १९८८ मध्ये भारतातला क्रिटेशस काळातला पहिला सस्तन प्राणी जाहीर झाला. उंदराएवढा जीव, पुरावा म्हणजे बारीक दात. नाव ठेवलं 'डेक्कनोलेस्टीस हिस्लॉपी'. नागपूरच्या पाद्र्याची आठवण अशी दाताला चिकटली.

आणि २००५ मध्ये पिसदुऱ्यानं आणखी एक धक्का दिला. तिथं डायनासोरची दगड झालेली विष्ठा मिळते. वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रोमबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर आत गवताचे सिलिकाकण निघाले. गवत आपल्या पानांत ओपलचे अतिसूक्ष्म कण साठवतं. ज्वारीच्या, उसाच्या पानानं हात कापतो ना, त्या करकरीतपणात या सिलिकेचाही हात असतो. तोवर समज असा होता, की डायनासोरच्या काळात गवत जवळपास नव्हतंच. पान कुजलं, प्राणी गेला, ओपलचा कण राहिला, आणि त्यानं साक्ष दिली. लाइटनिंग रिजला हाड ओपलचं झालं. आपल्याकडे ओपल गवतानं स्वतःच तयार करून ठेवला होता.

आता नकाशा डोळ्यांपुढं आणा. उत्तर-पूर्वेला निर्मळ, दक्षिण-पूर्वेला नस्कल, त्यापलीकडं नागपूर-वरोरा. शोध आपल्या चहूकडून गेला. मधल्या मराठवाड्यात कोणी खोल पाहिलं नाही. कारण साधं होतं. देगलूर-बिलोलीकडं लाव्हा संपतो आणि ग्रॅनाइटच्या गोल टेकड्या उघड्या दिसतात. पश्चिमेला मात्र सगळं झाकलेलं. कोळसा नाही, सोनं नाही. सपाट, जुना, स्थिर प्रदेश, इथं काय व्हायचंय, असा सगळ्यांचा समज.

त्या समजाची किंमत आपण ३० सप्टेंबर १९९३ ला मोजली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून गावं झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत सुमारे आठ हजार माणसं गेली. बहुतेक जण माळवदाच्या घरांत, दगडमातीच्या जाड भिंतींखाली. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, किल्लारीला धक्के बसले होते. पण तेव्हाच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या विभागात गेला.

भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. आधी ३३८ मीटर काळा पाषाण. मग ८ मीटर गाळ, लाव्हा येण्याआधीचा. मग थेट अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचा ग्रॅनाइट-पट्टिताश्म. कोयनेला पुढं असंच खोल छिद्र घेतलं, तिथं नऊशेहून अधिक मीटर बेसॉल्ट निघाला आणि त्याखाली गाळाचा थरच नाही. म्हणजे एकाच काळ्या पाषाणाखाली सगळीकडं एकच जमीन नाही. भूकंपाचं कारण तो ८ मीटर गाळ नव्हे, हे स्पष्ट सांगतो. भूकंप त्याच्या खालच्या जुन्या खडकातला. पण तो जुना खडक आणि त्यावरचा गाळ, दोन्ही प्रत्यक्ष हातात आले ते एवढी माणसं गेल्यानंतर. निर्मळच्या शंखापासून किल्लारीच्या छिद्रापर्यंत दीडशेहून अधिक वर्षं गेली.

म्हणून शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या दोन जिल्ह्यांत विहिरी रोज खोदल्या जातात. खडी क्रशरसाठी टेकड्या फुटतात. पोकलेननं दोन तासांत जे बाहेर पडतं, ते माल्कमसनला चालत जाऊन शोधावं लागलं होतं. काळ्या दगडांच्या मध्ये पांढरट, हिरवट किंवा राखी मातीचा, पापुद्रे सुटणारा पट्टा लागला, त्यात शंखाची खूण दिसली, तर त्या पट्ट्याचा तुकडा बाजूला ठेवा. किती फुटांवर लागला ते लिहा, गाव आणि गट क्रमांक लिहा. जागेची नोंद नसेल तर जीवाश्म नुसता शोभेचा दगड होतो. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्र शिकवलं जातं, तिथं दाखवा. महाविद्यालयांतल्या भूगोलाच्या शिक्षकांना तर माझी विनंती आहे, की मुलांना एक दिवस गावातल्या नव्या विहिरीवर न्या आणि थर मोजायला लावा. पुस्तकात दख्खनच्या पठारावर एक परिच्छेद असतो. विहिरीत तो परिच्छेद चाळीस-पन्नास फूट उंच उभा असतो.

प्रश्न असतील तर आता घेऊ.