घुमारा कोणाचा? पाइप ऑर्गन ते सिंथेसायझर

आपल्या उपासनेत सिंथेसायझरचा प्रवेश झाल्यापासून एक तक्रार वारंवार कानी येते. एकटा वाजवला असता जो ऑर्गनचा नाद भरदार आणि घुमणारा वाटतो, तोच अन्य नादांशी जोडून वाजवला की कोरडा, दूरचा, कधी कधी अगदीच परका वाटू लागतो. वादक बटणे चाचपत राहतो आणि तेवढ्यात प्रतिसाद स्तोत्राचे पालुपद भाविकांच्या ओठांवरच विरून जाते. परतूरसारख्या मराठवाड्यातील गावी गायकवृंद म्हणजे पाच-सात जण आणि तंत्रज्ञ म्हणजे वादक स्वतःच, अशी स्थिती असते. तेथे ही अडचण लहान म्हणता येत नाही. तिचा दोष वादकाच्या माथी मारण्याचा प्रघात आहे. आमच्या मते तिचे मूळ वाद्याच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास समजून घेतला तर उपायही हाती लागतो.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान प्रसिद्ध केले. त्यातील १२० व्या कलमात पाइप ऑर्गनला मोठा मान दिलेला आहे. या वाद्यात नळ्यांचे निरनिराळे समूह असतात. प्रत्येक समूहाचा खटका ओढला की त्याचा नाद उमटतो. एक खटका ओढा की दहा, प्रत्येक नळी आपल्याच आवाजात बोलते. त्या नादाला जो गंभीर घुमारा लाभतो तो मात्र वाद्याचा नसतो; तो दगडी भिंतींचा आणि उंच छताचा असतो. तो सर्व नळ्यांना आणि गाणाऱ्या सर्व कंठांना सारखाच मिळतो. नाद वाद्याचा आणि घुमारा मंदिराचा, अशी ही शतकांची वाटणी होती.

आपल्याकडे मात्र पाइप ऑर्गन मोजक्याच मोठ्या चर्चमध्ये पोहोचला. खेड्यापाड्यांत पोहोचली ती पेटी. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी १८४२ मध्ये हार्मोनियमचे स्वामित्वहक्क घेतले. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ मध्ये त्याला हाताने भाता ओढण्याचे सुटसुटीत रूप दिले. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत या वाद्याला आपले दार बंद ठेवले होते, कारण त्यातून मींड काढता येत नाही. भजनी मंडळांनी आणि ख्रिस्ती उपासकांनी मात्र पेटी सोडली नाही. औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये स्थापन झाला, तेव्हा परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता; जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. त्या काळात प्रार्थना ओसरीवर असो, मांडवात असो वा पत्र्याच्या छताखाली असो, पेटीची साथ एकसारखीच असे. तिला निरनिराळे मोड नव्हते, आणि घुमारा तर नव्हताच. जागा जेवढा देईल तेवढाच तो मिळे.

ही वाटणी मोडली ती विजेने. शिकागोच्या लॉरेन्स हॅमंड यांचा विद्युत ऑर्गन १९३५ मध्ये बाजारात आला आणि अनेक चर्चेसनी तो घेतला. लहान खोलीत त्याचा आवाज कोरडा वाटे, म्हणून काही वर्षांतच स्प्रिंगांच्या कंपनातून कृत्रिम घुमारा निर्माण करण्याची युक्ती त्याच्या ध्वनिपेटीत आली. मंदिराचे काम प्रथमच यंत्राकडे गेले.

पुढे सिंथेसायझर आले. रोलंड कंपनीच्या १९८१ च्या 'ज्युपिटर-८' या वाद्यात एका वेळी आठ स्वर वाजत. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रागांवर आधारित आपले प्रसिद्ध ध्वनिमुद्रण याच वाद्यावर केले. त्यात तीन मोड होते: संपूर्ण पट्टीवर एक नाद, पट्टी दुभागून दोन नाद, किंवा एकाच पट्टीखाली दोन नाद एकत्र. दोन नाद एकत्र केले की आठाऐवजी चारच स्वर हाती उरत. मोड बदलला की वाद्याची कुवतही बदलते, हे वादकांना तेव्हाच कळले. घुमारा मात्र अजून बाहेरच्या यंत्रातून येई. १९८३ च्या यामाहा 'डीएक्स-७' मध्येही तो नव्हता.

रोलंडच्या 'डी-५०' ने १९८७ मध्ये तो वाद्याच्या पोटात घेतला. १९८८ मध्ये कोर्गचे 'एम-१' आले आणि आजच्या अडचणीची गाठ येथे पडली. या वाद्यात एकटा नाद म्हणजे 'प्रोग्रॅम', आणि आठपर्यंत प्रोग्रॅमांची जुळणी म्हणजे 'कॉम्बिनेशन'. प्रत्येक प्रोग्रॅमबरोबर त्याचा स्वतःचा घुमारा साठवलेला असे. परंतु घुमारा व तत्सम परिणाम घडवणारे घटक संपूर्ण वाद्यात दोनच होते, कारण त्या काळी असे घटक महाग पडत. आठ घरे एका वाड्यात राहायला आली, पण आड मात्र एकच, तशी ही गत होती. म्हणून कॉम्बिनेशनमध्ये गेल्यावर प्रत्येक प्रोग्रॅमचा स्वतःचा घुमारा बाजूला पडे आणि कॉम्बिनेशनसाठी ठरवलेला घुमारा सर्वांना लागू होई. गीत साठवून वाजवण्याच्या मोडमध्येही तसेच. नाद तोच राही. भोवतालचे मंदिर बदले. हा बिघाड नव्हता, काटकसर होती.

पुढची तीस वर्षे ही काटकसर सैल करण्यात गेली. १९९९ च्या कोर्ग 'ट्रायटन' मध्ये निवडक नादांसाठी पाच स्वतंत्र परिणाम आणि सर्वांसाठी दोन सामाईक परिणाम आले. २०१९ च्या रोलंड 'फँटम' ने सोळा विभागांपैकी प्रत्येकाला स्वतःचा परिणाम देऊन मोडमधील भिंत जवळजवळ पाडली. तथापि लहान धर्मग्रामांच्या वाट्याला बहुधा जुनी किंवा साधी वाद्येच येतात. त्यांच्यासाठी या इतिहासातून चार गोष्टी निघतात.

पहिली गोष्ट, मिस्सेसाठी मुख्य नाद एकच ठरवावा आणि त्याच्या प्रोग्रॅममधील परिणाम कॉम्बिनेशनमध्ये जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. दुसरी, सोबतच्या नादांना तोच सामाईक घुमारा कमी-अधिक प्रमाणात द्यावा. तारवाद्यांना थोडा अधिक, खालच्या खर्जाला जवळजवळ नाहीच. तिसरी, नाद जोडताना स्वरांची संख्या विभागली जाते हे ध्यानात ठेवून दोन-तीन नादांवर थांबावे आणि प्रत्येकाचा आवाज एकट्याने व जोडीने ऐकून समतोल करावा. चौथी, ही सर्व मांडणी वहीत लिहून ठेवावी. 'एम-१' सारख्या वाद्यांची स्मृती आतल्या लहान बॅटरीवर टिकते. ती संपली की वर्षांची मेहनत पुसली जाते. वही असली तर पुढच्या वादकाला ती पुन्हा उभी करता येते.

या सर्वांआधी मात्र एक परीक्षा करावी. चर्च रिकामे असताना टाळी वाजवावी. वास्तू स्वतःच घुमत असेल, तर वाद्यातील घुमारा जवळजवळ बंद करावा. दोन घुमारे एकत्र आले की शब्द बुडतात. आणि हीच परीक्षा माणसांनी भरलेल्या चर्चमध्ये पुन्हा कानाने घ्यावी, कारण माणसे व त्यांचे कपडे आवाज शोषून घेतात.

५ मार्च १९६७ च्या 'मुसिकाम साक्राम' या रोमच्या निर्देशात म्हटले आहे की, वाद्यांनी गायनाला आधार द्यावा, पण त्यांच्या आवाजाने कंठ झाकले जाऊन शब्द समजणे अवघड होऊ नये. सिंथेसायझरच्या सर्व मोडना आम्ही हीच कसोटी लावू. नाद एकसारखा ठेवायचा तो वादकाचे कौशल्य दिसावे म्हणून नव्हे. गेल्या रविवारी ज्या सुरावर मागच्या बाकावरील आजी बिनचूक गायल्या, तोच सूर, त्याच ओळखीच्या आवाजात, त्यांना या रविवारीही मिळावा म्हणून. वाद्याने नाद द्यावा. घुमारा शक्य तितका भाविकांच्या कंठांतून येऊ द्यावा.