कच्छचे रण

गुजरातच्या वायव्य टोकाला, सिंधच्या सीमेलगत पसरलेला खारा वाळवंटी प्रदेश. उत्तरेचे मोठे रण आणि आग्नेयेचे छोटे रण असे त्याचे दोन भाग पडतात. मोठ्या रणाचा बराचसा भाग कच्छ जिल्ह्यात असून ४५,६७४ चौ. किमी. क्षेत्राचा हा जिल्हा देशात सर्वांत मोठा आहे. मराठी कानाला ‘रण’ म्हटले की तलवारींचा खणखणाट ऐकू येतो. इथला शब्द मात्र संस्कृत ‘इरिण’, म्हणजे खारवट ओसाड जमीन, यावरून आलेला मानतात. वाळूच्या टेकड्या पाहायला येणारा इथे फसतो. वाळू जवळजवळ नाहीच. एके काळी समुद्राचा भाग असलेला हा उथळ पट्टा गाळाने भरत आला. पावसाळ्यात नद्यांचे आणि वाऱ्याने रेटलेले समुद्राचे पाणी त्यावर पसरते, उतार नसल्याने तिथेच आटते आणि दिवाळीनंतर मागे मिठाचा पापुद्रा उरतो. मधून डोके वर काढणाऱ्या उंचवट्यांना ‘बेट’ म्हणतात. पाणी भरलेले असताना ती खरोखरच बेटे असतात.

मोठ्या रणातल्या अशाच खडीर बेटावर धोलावीरा हे हडप्पाकालीन नगर आहे. गावकरी या टेकाडाला ‘कोटडा’ म्हणत. १९६०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ जगत्पती जोशी यांनी ते उजेडात आणले. १९९०पासून रवींद्रसिंह बिश्त यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले. २०२१मध्ये त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. हडप्पा, मोहेंजोदडो म्हणताच आठवतात त्या भाजक्या विटा. इथे मुख्य काम दगडाचे आहे. उंचावर बालेकिल्ला, त्याच्या उत्तरेला मोकळे पटांगण, पलीकडे मधले नगर आणि पूर्वेला खालचे नगर अशी रचना आजही पायी फिरताना कळते. पण या नगराचे खरे वैभव पाण्याच्या सोयीत आहे. बारमाही नदी नाही, पाऊस तुटपुंजा. तेव्हा उत्तरेचा मनसर आणि दक्षिणेचा मनहर या दोन पावसाळी ओढ्यांना बांध घालून ते पाणी तटाच्या आतल्या तलावांत वळवले होते. काही तलाव खडक कोरून केलेले आहेत. बालेकिल्ल्याच्या पूर्वेचा तलाव सुमारे ७३ मी. लांब, २९ मी. रुंद आणि १० मी. खोल असून त्याच्या पायऱ्या उतरताना आपल्याकडच्या बारवेची आठवण येते. बालेकिल्ल्याच्या उत्तर दरवाजालगतच्या खोलीत सापडलेली दहा चिन्हांची पाटीही प्रसिद्ध आहे. लाकडी फळीवर जिप्समचे तुकडे जडवून ती केली होती. फळी कुजून गेली, तुकडे जागच्या जागी राहिले. ती बहुधा दरवाजावर, दुरून वाचता यावी म्हणून लावलेली असावी. आज ती कोणालाच वाचता येत नाही.

याच बेटावर रणाच्या काठाशी ज्युरासिक काळातल्या वृक्षांचे दगड झालेले ओंडके जपून ठेवले आहेत. धोलावीरा पाहून घाईने परतणारे बहुतेक जण हे ठिकाण चुकवतात.

जमीन इथे स्वस्थ बसत नाही. १६ जून १८१९ रोजी झालेल्या भूकंपात सिंधच्या बाजूला सुमारे ८० किमी. लांबीचा पट्टा वर उचलला गेला. माणसाने न बांधलेला म्हणून लोकांनी त्याला ‘अल्लाबंद’ नाव दिले. त्याच्या दक्षिणेची जमीन खचून सिंदरीचा किल्ला पाण्यात गेला. चार्ल्स लायेल यांनी आपल्या भूविज्ञानावरील ग्रंथात या घटनेची दखल घेतली. सीमेवरचा हा भाग प्रवाशांना बंद आहे. परिणाम पाहायचा तर कोरी खाडीवरच्या लखपतला जावे. सिंधूच्या एका फाट्यावर भरभराटलेले हे बंदर प्रवाह आटल्यावर ओस पडत गेले. १८०१मध्ये जमादार फतेह मुहंमदाने बांधलेला सुमारे ७ किमी.चा तट शाबूत आहे. आत वस्ती मोजकी आणि बाकी काटेरी झुडपे. २६ जानेवारी २००१च्या भूकंपाने भूज आणि भचाऊ उद्ध्वस्त केले, पण बन्नी या गवताळ माळावरची ‘भुंगा’ नावाची गोल मातीची घरे बरीचशी टिकली.

बन्नीतच लुणा गावाजवळ एक उथळ, वर्तुळाकार खळगा आहे. तो उल्कापाताने झाल्याचे पुरावे २०२४मध्ये प्रसिद्ध झाले. बुलढाण्याचे लोणार तेही उल्काविवरच. लोणारची खोली, जंगल, मंदिरे यांची अपेक्षा मात्र इथे ठेवू नये. उन्हाळ्यात तर विवर कुठे सुरू होते तेच समजत नाही. बन्नीचे गवत वेड्या बाभळीने गिळत आणले आहे. तरी छारी-ढंढ या पाणथळीवर हिवाळ्यात क्रौंचांचे थवे उतरतात.

मोठ्या रणाच्या ७,५०६ चौ. किमी. अभयारण्यात रोहित पक्ष्यांची वीण होते. पाऊस चांगला झाला तर चिखलाचे, वर बशीसारखा खळगा असलेले हजारो बुटके मनोरे उभे राहतात. पाऊस हुकला तर काहीच नाही. सलीम अली यांनी १९४०च्या दशकात या वसाहतीचा अभ्यास केला. ठाण्याच्या खाडीत मुंबईकर कौतुकाने पाहतात त्या थव्यांचे माहेर इकडचेच मानले जाते. छोट्या रणाचे ४,९५४ चौ. किमी.चे अभयारण्य घुडखरासाठी, म्हणजे रानटी गाढवासाठी आहे. १९६०च्या दशकात काही शेकड्यांवर आलेली त्याची संख्या २०२४च्या गणनेत ७,६७२ भरली. याच रणात अगरिया कुटुंबे आठ महिने राहून जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यापासून टपोऱ्या खड्यांचे मीठ पिकवतात. कोकणातल्या आगऱ्यांचे आणि यांचे नाव ‘आगर’ (मिठागर) या एकाच शब्दातून आलेले आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा प्रवासाचा काळ. धोरडोच्या पांढऱ्या रणात पौर्णिमेला गर्दी उसळते. सीमाभाग असल्याने परवाना लागतो. खावडा ते धोलावीरा हा रणातून जाणारा रस्ता झाल्यापासून पूर्वीचा मोठा वळसा वाचला आहे. खावड्याजवळचा काळा डुंगर (४६२ मी.) हे कच्छमधील सर्वोच्च ठिकाण. वर दत्ताचे मंदिर आहे, पण गाणगापूर-वाडीचा थाट इथे नाही. आरतीनंतर पुजारी शिजवलेल्या भाताचा प्रसाद घेऊन कड्याजवळच्या ओट्यावर जातो, थाळी वाजवून ‘लोंग, लोंग’ अशी हाक घालतो आणि बाजूला होतो. थोड्या वेळाने खालच्या झुडपांतून कोल्हे वर येतात.