गणेश शेतकऱ्याच्या नावानं

२८ डिसेंबर २०१५ रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'त मार्क झुकरबर्गचा एक लेख आला. त्यात महाराष्ट्रातला एक शेतकरी होता, गणेश. फेसबुकच्या 'फ्री बेसिक्स'वर तो हवामान बघतो, बाजारभाव बघतो, आता नवी पिकं आणि जनावरं यांत पैसे घालतोय, असं त्यात लिहिलं होतं. पुढे सवाल होता: गणेशला शेती नीट करता आली, तर इंटरनेटचं काय बिघडतं?

सवाल बिनतोड वाटतो. मी शहापूर तालुक्यातल्या आटगावचा. आमच्या पंचक्रोशीत हाक मारली तर पाच-सहा गणेश ओ देतील, आणि त्यातले बहुतेक भातशेती करतात. म्हणजे हा लेख आमच्याच नावानं होता म्हणायचा. फक्त आम्हाला कुणी काही विचारलं नव्हतं. ही गोष्ट आता सांगायचं कारण एवढंच, की त्या भांडणाचा निकाल आजही तुमच्या मोबाइलवर लागू आहे.

आधी फेसबुकची अडचण समजून घेऊ. चीननं २००९ साली उरुमचीतल्या दंगलीनंतर फेसबुक बंद केलं. ते दार उघडावं म्हणून झुकरबर्ग चिनी भाषा शिकला, ऑक्टोबर २०१४मध्ये बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात चिनीतून बोलला. दार उघडलं नाही. त्याच महिन्यात तो भारतातही येऊन गेला होता. राजस्थानातलं चांदौली गाव त्यानं पाहिलं, दिल्लीत पंतप्रधानांना भेटला. इथे फेसबुकवर बंदी नव्हती. अडचण वेगळी होती: कोट्यवधी लोकांकडे इंटरनेटच नव्हतं. तेव्हा एक जीबी डेटाला दोनशे-अडीचशे रुपये पडायचे. एवढ्या पैशांत घरातला आठवड्याचा भाजीपाला येत होता.

त्यावर उपाय म्हणून फेब्रुवारी २०१५मध्ये अनिल अंबानींच्या रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर 'इंटरनेट डॉट ऑर्ग' सुरू झालं. सुरुवातीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नाव बदलून 'फ्री बेसिक्स' झालं. रिलायन्सचं सिम असेल तर तीसेक वेबसाइट फुकट. त्यात फेसबुक होतं, हवामान होतं, नोकरीच्या जाहिराती होत्या. यूट्यूब नव्हतं. बाकीच्या इंटरनेटला पैसे. यादीत यायचं तर फेसबुकच्या तांत्रिक अटी पाळायच्या, आणि सगळी ये-जा फेसबुकच्या सर्व्हरमधून.

आता हे आमच्या भाषेत सांगतो. तानसा आणि भातसा ही धरणं आमच्याच तालुक्यात. तानसा १८९२पासून मुंबईला पाणी देतंय. माणूस आत उभा राहील एवढ्या जलवाहिन्या आमच्या डोळ्यांसमोरून जातात, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघतात. त्यामुळे आम्हाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही: पाणी किती आहे हे नंतर बघायचं, आधी बघायचं की व्हॉल्व्हची चावी कुणाकडे आहे.

फ्री बेसिक्समध्ये चावी फेसबुककडे होती. गणेशला कुठला बाजारभाव दिसणार हे गणेश ठरवणार नव्हता. उद्या मुरबाडच्या चार पोरांनी भाताच्या दरांची वेबसाइट काढली असती, तर ती बघायला पैसे लागले असते आणि यादीतली फुकट दिसली असती. अशा वेळी ग्राहक कुठे जाणार हे सांगायला ज्योतिषी नको.

पण दुसरी बाजूही खरी होती. काहीच नसण्यापेक्षा थोडं बरं, हे म्हणणं खोटं नव्हतं. ज्याच्या घरी नळ नाही, त्याला टँकरचं राजकारण सांगून तहान भागत नाही.

दूरसंचार नियामकानं, म्हणजे ट्रायनं, डिसेंबर २०१५मध्ये यावर लोकांची मतं मागवली. फेसबुकनं पानभर जाहिराती दिल्या, रस्तोरस्ती फलक लावले, आणि आपल्या वापरकर्त्यांना एक बटण दिलं. दाबलं की ट्रायला तयार ईमेल जाणार. २४ लाखांच्या आसपास प्रतिक्रिया आल्या. त्यातल्या १८ लाखांहून जास्त याच छापाच्या होत्या. ट्रायनं विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्यांत नव्हती. ट्रायनं फेसबुकला पत्र लिहून साफ सांगितलं, की ही सल्लामसलत आहे, मतमोजणी नव्हे.

८ फेब्रुवारी २०१६ला नियम आला. कुठली वेबसाइट बघता यावरून डेटाचा दर बदलता येणार नाही. तीन दिवसांत फ्री बेसिक्स भारतातून गेलं. दरम्यान फेसबुकच्या संचालक मंडळातले मार्क अँड्रीसन यांनी ट्वीट केलं, की वसाहतवादाच्या विरोधानं भारतीयांचं आर्थिक नुकसानच झालंय. गदारोळ झाला, त्यांनी माफी मागितली. पण पडद्यामागचा विचार तेवढ्या एका ट्वीटमध्ये दिसून गेला. मार्चमध्ये झुकरबर्ग बीजिंगच्या तियानानमेन चौकात, धुरक्यात, मास्कशिवाय पळताना दिसला. पुन्हा जुन्या दारावर टकटक.

मग आम्ही जिंकलो का? सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. गावोगावी जे पोचलं ते शेवटी फेसबुकचंच व्हॉट्सअॅप. एप्रिल २०२०मध्ये फेसबुकनं ४३,५७४ कोटी रुपये देऊन जिओ प्लॅटफॉर्म्सचा ९.९९ टक्के हिस्सा घेतला. पुढच्या दारानं अडवलेला पाहुणा घरात भागीदार होऊन बसला.

२९ जून २०२०ला सरकारनं टिकटॉकसह ५९ चिनी अॅप बंद केली. भातलावणीचे व्हिडिओ टाकणाऱ्या पोरांचे फॉलोअर एका रात्रीत गेले. दहा दिवसांच्या आत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणलं. एकाला बंद झालेलं दार दुसऱ्याला रिकामी जागा देऊन गेलं. व्हॉट्सअॅपच्या पैसे पाठवण्याच्या सोयीवर मात्र ग्राहकसंख्येची मर्यादा २०२४ सरेपर्यंत होती.

म्हणजे कंपनी परदेशी की देशी, एवढ्यानं काही ठरत नाही. सरकारनं दार लावलं म्हणून ते आपल्यासाठीच लावलं, असंही नाही. टिकटॉक बंद करताना पोरांना कुणी विचारलं नाही, फ्री बेसिक्स आणताना गणेशला विचारलं नाही. फरक एवढाच, की २०१६च्या निर्णयाआधी प्रश्न जाहीर झाले होते आणि कुणालाही उत्तर देता येत होतं. एप्रिल २०१५मधल्या पहिल्या फेरीत दहा लाखांवर ईमेल लोकांनी ट्रायला पाठवले होते. आमच्या भागातून किती गेले असतील, याचा विचार केला की मी गप्प होतो.

हा विषय संपलेला नाही. मोठ्या अॅपनी नेटवर्कच्या खर्चात वाटा द्यावा, अशी मागणी मोबाइल कंपन्या गेली काही वर्षं करतायत. पुन्हा कधीतरी ट्राय मतं मागवेल, पुन्हा जाहिरातीत एखादा शेतकरी हसत उभा असेल. त्या वेळी त्याच्या हातातल्या फोनकडे बघण्याआधी यादी कुणी केली ते विचारा, आणि उत्तर मराठीत का होईना, पण स्वतः लिहून पाठवा. हा लेख उघडायला तुम्हाला फेसबुकएवढाच डेटा-दर पडला, तो त्या फेब्रुवारीतल्या नियमामुळे.