मद्यपरवाना : सेलूत का मिळत नाही?

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार बंदी हा नियम असून परवाना हा अपवाद आहे. ग्राहकांना मद्य देण्यासाठी हॉटेलास परमिट रूमचा (एफएल-३), तर क्लबला एफएल-४ परवाना लागतो. समारंभापुरता एक दिवसाचा परवानाही राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मिळतो. पिणाऱ्यासही वैयक्तिक परवाना आवश्यक असतो.

महात्मा गांधींच्या सेवाग्रामचा वारसा सांगणाऱ्या वर्धा जिल्ह्यात मात्र १९७४ पासून दारूबंदी आहे. त्यामुळे सेलूतील हॉटेल, ढाबा, मंगल कार्यालय वा मंडळ यांना असा परवाना दिला जात नाही. शेजारच्या नागपुरात पावती घेऊन रीतसर विकत घेतलेली बाटली येथील पंगतीत पाहुण्यांपुढे ठेवल्यास यजमानावर गुन्हा दाखल होऊ शकतो.